जुनी पाणचक्की लोकांच्या बळावर उभी करायची तर चाक सर्वांत शेवटी

एका गटानं मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नदीकाठची एक जुनी पाणचक्की पन्नासेक वर्षं बंद पडली आहे. छपराचा एक कोपरा खचलाय, लाकडी चाक अर्धं कुजलंय, वरच्या अंगाचा तलाव गाळानं भरलाय. आतली जाती आणि दातेरी चाकं मात्र जागच्या जागी आहेत. तीसेक जणांनी मिळून ती पुन्हा चालू करायचं ठरवलंय. एक देणगीदार नवं पोलादी चाक बसवून द्यायला तयार आहे, पण ते वर्षभरात फिरलेलं दिसावं अशी त्याची अट आहे. सुरुवात कुठून करावी, लोकांना कसं टिकवावं आणि ही देणगी घ्यावी का, हे तीन प्रश्न. शेवटी ओझरता उल्लेख आहे की तरुणपणी त्या चक्कीत काम केलेले एक आजोबा अजून हयात आहेत.

मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते. बाकी सगळं सहा महिने थांबू शकतं, आजोबा थांबू शकत नाहीत. याच आठवड्यात त्यांच्याकडे जा. शक्य असेल तर त्यांना खुर्चीवर बसवून चक्कीत न्या आणि बोलणं रेकॉर्ड करा. ‘जुन्या काळाबद्दल काहीतरी सांगा’ असं विचारू नका, वस्तूवर बोट ठेवून विचारा. पाण्याची झडप किती उघडायचात? पाणी कमी असलं की काय करायचात? जातं तापलं हे कशावरून कळायचं? कुठला दाता वारंवार तुटायचा? दुरुस्तीला बाहेरून कोण यायचं? पीठ हातात कसं लागलं की ‘बरोबर’ म्हणायचात? अशा प्रश्नांची उत्तरं कुठल्याही नकाशात सापडत नाहीत. एकदा एका आजोबांनी मला सांगितलं होतं, की पाणी सोडण्याआधी ते चाकाला हातानं अर्धा फेरा उलटा द्यायचे. आधी मला ती नुसती सवय वाटली. चाक खोललं तेव्हा आसाच्या एका बाजूची झीज दिसली आणि त्या उलट्या फेऱ्याचं कारण कळलं.

मी मूळची सुतार. जुन्या चक्क्यांच्या कामात २५ वर्षं गेली. या काळात दुरुस्त होऊन, थाटात उद्घाटन होऊन पुन्हा बंद पडलेल्या चक्क्या मी बऱ्याच पाहिल्या. पैसा संपला म्हणून बंद पडलेली त्यांत क्वचितच एखादी. बहुतेक ठिकाणी घडलं ते असं: चाक फिरलं, फोटो निघाले, आणि दर आठवड्याला येऊन झडप उघडणारं, वंगण घालणारं, आवाजातला फरक ओळखणारं कुणी उरलं नाही. म्हणून माझ्या साऱ्या सल्ल्याचं सूत्र एकच आहे. चक्की चालवणारी माणसं आधी तयार करा आणि चाकाला हात सर्वांत शेवटी लावा.

हे मी अनुभवानं म्हणते, पण याला मोठा दाखलाही आहे. नेदरलँड्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सुमारे १०,००० चक्क्या होत्या. वाफ, डिझेल आणि वीज आली आणि त्या झपाट्यानं पडत गेल्या. त्या वाचवण्यासाठी १९२३ मध्ये ‘दे होलंडसे मोलन’ ही संस्था उभी राहिली. इमारती वाचू लागल्या, पण पिढीजात चक्कीवाले एकेक करून जात होते आणि न फिरणारी चक्की कितीही रंगवली तरी आतून किडतेच. मग १९७२ मध्ये तिथे हौशी चक्कीचालकांचा संघ स्थापन झाला. शिक्षक, कारकून, अभियंते, विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी जुन्या जाणकारांच्या हाताखाली शिकू लागले, परीक्षा देऊ लागले. आज तिथे बाराशेच्या आसपास चक्क्या उभ्या आहेत आणि त्यांतल्या कित्येक या हौशी हातांवर फिरतात. २०१७ मध्ये युनेस्कोनं तिथलं चक्की चालवण्याचं कसब मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मान मिळाला तो इमारतीला नव्हे, कसबाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता तुमच्या इमारतीकडे वळते. पहिलं काम छप्पर. कायमचं नाही, तात्पुरतं. मजबूत ताडपत्री किंवा पत्रे टाकून, पावसाचं पाणी भिंतीपासून दूर पडेल अशी सोय करा. चक्कीचा खरा शत्रू म्हणजे वरून गळणारं पाणी. ते तुळईच्या भिंतीतल्या टोकाशी साचतं, तिथे बुरशी धरते आणि बाहेरून धडधाकट दिसणारी तुळई आतून भुसा होते. प्रत्येक तुळईच्या टोकाला बारीक टोच्या खुपसून पाहा. तो सहज आत गेला तर त्या मजल्यावर कुणालाही पाऊल टाकू देऊ नका. छपराला हात लावण्याआधी वटवाघळं किंवा घुबडं राहतात का तेही पाहा. बऱ्याच देशांत त्यांना कायद्याचं संरक्षण आहे, आणि कायदा नसला तरी पिलं असताना काम थांबवणं आपल्याला जमतं.

छपरानंतर लगेच साफसफाई करायची इच्छा होईल. इथे थांबा. माझ्या पहिल्यावहिल्या सामूहिक कामातली चूक सांगते. चाळीस माणसं आली होती, प्रचंड उत्साह होता. दिवसभरात आम्ही चक्की झाडून लख्ख केली आणि कोपऱ्यातलं ‘फालतू लाकूड’ बाहेर काढून जाळलं. दोन महिन्यांनी कळलं की त्या ढिगात दातेरी चाकाचे राखीव लाकडी दाते होते, अर्धवट घडवलेले, आणि दात्याचा आकार तपासायचा फळीचा साचाही होता. तो साचा पुन्हा बनवायला आम्हाला झिजलेल्या दात्यांवरून अंदाज बांधत बसावं लागलं. तेव्हापासून माझा नियम आहे: पहिली नोंद, मग झाडू. प्रत्येक खोलीचे फोटो काढा, वस्तू जिथे सापडली तिथेच चिठ्ठी बांधून क्रमांक द्या, आणि एका वहीत लिहा. भिंतींवरच्या खडूच्या खुणा, पोत्यांचे हिशेब, कोरलेली नावं पुसू नका. वर्षभर काहीही फेकायचं नाही, असा ठरावच करून ठेवा.

हे नोंदीचं काम म्हणजे लोकांना जोडायची सर्वांत चांगली संधी आहे, कारण त्याला ताकद लागत नाही. ज्यांना फावडं उचलवत नाही ते मोजमाप घेतात, कुणी रेखाटनं करतं, कुणी जुनी कागदपत्रं चाळतं. मुलांना दातेरी चाकाचे दाते मोजायला सांगा. हे मी मन रमवायला सांगत नाही, त्या आकड्यांत खरोखर ज्ञान आहे. समजा पाण्याचं चाक मिनिटाला ८ फेरे घेतं आणि जात्याची सव्वा मीटरच्या आतबाहेरची वरची तळी, म्हणजे फिरता दगड, मिनिटाला १२० च्या आसपास फिरावी लागते. म्हणजे वेग १५ पट वाढवायचा. तो सहसा दोन टप्प्यांत वाढतो: आसावरच्या मोठ्या चाकाकडून उभ्या खांबाकडे तिप्पट, तिथून जात्याकडे पाचपट. आता ७२ दात्यांचं चाक २४ दात्यांशी जोडलं तर प्रत्येक फेऱ्यात तेच दाते त्याच दात्यांना भेटत राहतात आणि एक वाकडा दाता आपल्या तीन सोबत्यांना कुरतडत बसतो. म्हणून जुने कारागीर ७२ ऐवजी ७३ दाते ठेवत. एक दाता जास्त, की प्रत्येक दाता पाळीपाळीनं समोरच्या सगळ्या दात्यांना भेटतो आणि झीज सारखी होते. तुमच्या मुलांना असा एक आगाऊ दाता सापडला, तर ती ही चक्की कधी विसरणार नाहीत.

लोखंडी चाकात लाकडी दाते का, असा प्रश्न हमखास येतो. लोखंडावर लाकूड फिरलं की आवाज कमी होतो, ठिणगी उडत नाही, आणि काही अडकलं तर स्वस्तातला लाकडी दाता तुटून महागडं ओतीव चाक वाचवतो. म्हणून ‘कायमचा टिकाऊ उपाय’ म्हणून कुणी धातूचे दाते बसवायला सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणा. दाता तुटणं हा त्या यंत्राच्या रचनेचाच भाग आहे.

पाण्याबद्दल दोन गोष्टी आधी तपासा. एक कागदावरची: बंधारा, पाट आणि पाणी वळवण्याचा हक्क कुणाकडे आहे? चक्की विकली गेली तरी पाण्याचा हक्क दुसऱ्याकडे राहिलेला असू शकतो, किंवा वर्षानुवर्षं न वापरल्यामुळे तो नव्यानं मागावा लागतो. हे ठरेपर्यंत चाकाचा विचारही करू नका. आणि मालकी तुमच्याकडे नसेल तर दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा लेखी करून घ्या. दुरुस्त केलेली इमारत परत मागणारे मालक मी पाहिलेत.

दुसरी गोष्ट पाण्याच्या ताकदीची. हिशेब सोपा आहे. सेकंदाला २०० लिटर पाणी ३ मीटर खाली पडत असेल तर त्यात सुमारे ५.९ किलोवॅट ताकद असते. चांगलं, वरून पाणी घेणारं पोहऱ्यांचं चाक त्यातली ६० टक्के कामाला लावतं, म्हणजे साडेतीन किलोवॅट. जात्याची एक जोडी चालायला एवढं पुरतं, दोन जोड्यांना पुरणार नाही. जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्यानं १७५९ मध्ये छोट्या प्रतिकृतींवर मोजमापं घेऊन दाखवलं होतं, की वरून भरणारं चाक खालून धक्का खाणाऱ्या चाकाच्या जवळजवळ दुप्पट काम करतं. कारण खालच्या चाकाला पाणी आदळतं आणि तो जोर फेसात, खळखळाटात वाया जातो, वरच्या चाकात पाण्याचं वजन शेवटपर्यंत शांतपणे ढकलत राहतं. तुमचं चाक कुठल्या जातीचं ते पन्हळीच्या उंचीवरून कळेल. वर्षभर दर आठवड्याला पाटातलं पाणी मोजून ठेवा, एकदाच मोजून भागत नाही. दोन माणसं, एक पट्टी, एक तरंगणारी काडी आणि घड्याळ एवढ्यावर पुरेसा चांगला अंदाज मिळतो.

तलावातला गाळ काढताना मात्र जपून. माझी दुसरी मोठी चूक इथली. मदतीला यंत्र मिळालं, चालकानं एका दिवसात तलाव खोल खणून दिला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. पाणी सोडलं तर रात्रीत तलाव रिकामा. जुन्या तलावांच्या तळाशी कुटून बसवलेल्या चिकणमातीचा थर असतो, तोच पाणी धरतो. यंत्रानं तो फोडला होता. आधी हातानं चार-पाच ठिकाणी खड्डे घेऊन तो थर किती खोल आहे ते पाहा, तिथे खुंट्या ठोका आणि त्याच्या वर वीतभर गाळ राहू द्या. गाळात उतरणाऱ्या प्रत्येकाला रबरी बूट आणि हातमोजे सक्तीचे करा, जखमा झाकायला लावा. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. कामानंतर काही दिवसांत ताप आला तर ‘गाळात काम केलं होतं’ हे डॉक्टरांना सांगायला सगळ्यांना शिकवा.

भिंतींवर फार लिहीत नाही. जुनी भिंत चुन्याची असेल तर दुरुस्तीही चुन्यानंच करा. सिमेंट कडक असतं आणि ओल बाहेर जाऊ देत नाही, मग ओल दगडातून वाट काढते आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. चुना सावकाश पक्का होतो, त्याला गोठणारी थंडी आणि कडक ऊन दोन्ही सोसत नाहीत, म्हणून कामाचा हंगाम आधी ठरवा. दर्जा भरणं, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत चुना भरणं, हे हौशी लोकांना शिकवता येण्यासारखं काम आहे. एक अनुभवी गवंडी आणि हाताखाली सहा जण, असं गणित बसतं.

जात्याबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं, कारण चक्कीचा जीव तिथे आहे. खालची तळी स्थिर, वरची फिरती. वरची एकटी पाऊण ते एक टन भरते. तिच्या मधल्या डोळ्यातून धान्य पडतं, चरांवाटे बाहेर सरकत जातं आणि कडेपर्यंत पोचता पोचता पीठ होतं. दळताना दोन तळ्या एकमेकींना टेकत नाहीत. जुने चक्कीवाले सांगत, की डोळ्याजवळ जाड कागदाएवढी फट असावी आणि कडेला अगदी पातळ कागदाएवढी. तळ्यांवरचे चर दोन कामं करतात: कात्रीसारखं कापतात आणि वारा खेळता ठेवून पीठ थंड राखतात. चर झिजले की पीठ तापतं, चिकटतं, जळका वास येतो. तेव्हा जातं टाकवावं लागतं. अखंड चालणाऱ्या चक्कीत हे दर दोन-तीन आठवड्यांनी करत, तुमच्यासारख्या अधूनमधून चालणाऱ्या चक्कीला वर्षातून एकदाही पुरेल.

टाकवण्याची रीत अशी. वरची तळी उचलून उलटी करायची. सरळ लाकडी पट्टीला गेरूसारखा तांबडा रंग लावून ती तळीवर फिरवायची. जिथे रंग लागला तो उंचवटा, तिथे टाकीनं हलके घाव घालायचे. पुन्हा पट्टी, पुन्हा घाव. एका तळीला दोन-तीन दिवस सहज जातात. दगड कुठला हेही पाहा. एकच अखंड दगड असेल तर तो बहुधा जवळपासच्या खाणीचा. तुकडे जोडून, प्लास्टरनं सांधून, वर लोखंडी पट्टा तापवून घातलेला असेल तर तो फ्रान्समधल्या ला फेर्ते-सू-जुआरच्या खाणींतला असण्याची शक्यता मोठी. त्या गारगोटीसारख्या कठीण, सच्छिद्र दगडाला एके काळी जगभर मागणी होती. अशा जोडदगडाचा पट्टा गंजून ढिला झाला असेल तर तो दगड फिरवायचाच नाही. वेगात सुटलेला तुकडा भिंत फोडून जातो. तळी उचलायच्या आधी तिची चाचणी आणि उचलण्याचं काम, ही दोन कामं अनुभवी माणसाकडूनच करून घ्या. श्रमदानात काय बसतं आणि काय बसत नाही याची रेघ इथे पक्की ओढा: एक टन दगड, उंचावरचं छप्पर, वीज आणि पाण्यातलं खोल काम हौशी हातांवर सोडायचं नाही.

पिठाच्या धुळीचंही तसंच. अमेरिकेत मिनिआपोलिसच्या वॉशबर्न ‘ए’ गिरणीत २ मे १८७८ रोजी हवेत तरंगणाऱ्या पिठानं पेट घेतला, स्फोट झाला आणि १८ माणसं गेली. तुमची चक्की त्या मानानं इवलीशी आहे, पण तत्त्व तेच. जातं रिकामं फिरलं की दगडावर दगड घासून ठिणगी पडते. म्हणून जुन्या चक्क्यांत धान्याच्या चाड्यात एक पट्टा आणि त्याला घंटा बांधलेली असे. धान्य संपत आलं की पट्टा सैल पडे आणि घंटा वाजू लागे. ती घंटा तुमच्या अडगळीत असेल तर शोधा. ती सजावटीला टांगू नका, चालू करा.

कुठल्या काळापर्यंत मागे जायचं, यावर तुमच्यात भांडणं होतील. होऊ द्या, पण ठरवताना दोन आधार धरा. विल्यम मॉरिसनं १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली, तिचा आग्रह हाच होता की जुन्या वास्तूला ‘मूळ रूप’ देण्याच्या नादात तिचं खरं जुनेपण खरवडू नका, जे आहे ते दुरुस्त करा. याच संस्थेत १९३१ मध्ये चक्क्यांसाठी वेगळा विभाग निघाला. आणि १९६४ च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांत, म्हटलं आहे, की अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे. तुमच्या चक्कीला नंतर कधीतरी डिझेल इंजिन जोडलं असेल, तर तेही तिच्या चरित्रातलं एक पान आहे. मी ते काढणार नाही. आणि सगळंच पुन्हा फिरायला हवं असंही नाही. ज्या वॉशबर्न गिरणीचा वर उल्लेख केला ती पुन्हा बांधली गेली, १९९१ मध्ये आगीत पुन्हा जळली, आणि २००३ मध्ये तिच्या जळक्या भिंती जशाच्या तशा सावरून आत संग्रहालय उघडलं. तुमच्याकडे दोन जोड्या असतील तर एक चालवा आणि दुसरी आहे तशी, उघडी, लोकांना आतली रचना पाहण्यासाठी ठेवा.

लोकांना टिकवायचं कसं, याचं माझं उत्तर साधं आहे: वार ठरवा आणि तो मोडू नका. महिन्यातला एक ठरलेला दिवस, तीन तासांचं काम, आणि दर वेळी असं काम की जाताना पूर्ण झालेलं दिसेल. ‘भिंतीचं काम’ असं नाही, ‘या दारापासून त्या खिडकीपर्यंत’. आलेल्या प्रत्येकाला नावानं हाक मारणारं एक माणूस दारात हवं. समितीत पाच-सहापेक्षा जास्त माणसं नकोत आणि त्यांतलं एक हिशेब जाणणारं हवं. हिशेब दर महिन्याला भिंतीवर लावा. लोक फावडं मारून दमत नाहीत, न सांगता निर्णय घेतले की दमतात. एखाद्याला तीन महिन्यांत एकही गोष्ट शिकायला मिळाली नसेल, तर तो चौथ्या महिन्यात येणार नाही, आणि त्यात चूक त्याची नाही.

लंडनमधल्या ब्रिक्स्टनच्या पवनचक्कीचं उदाहरण मला इथे उपयोगी वाटतं. ती १८१६ सालची, १९३४ ला बंद पडली. २००३ मध्ये आसपासच्या रहिवाशांनी मित्रमंडळ काढलं. अनुदान मिळून मोठी दुरुस्ती झाली ती २०१०-११ मध्ये, म्हणजे मधे सात वर्षं गेली. त्या वर्षांत माणसं एकत्र राहिली म्हणून दार उघडल्यावर चक्की दाखवायला, सांभाळायला आणि पुढे पीठ दळायला हात तयार होते. तुम्हीही आजच वेळ मोजताना महिन्यांत नको, वर्षांत मोजा.

पैशाबद्दल थोडक्यात. कामाचे टप्पे पाडा आणि प्रत्येक टप्पा असा ठेवा की तिथेच थांबलं तरी इमारत आधीपेक्षा सुरक्षित असेल. मोठं अनुदान देणारे पहिल्यांदा विचारतात, की लोक किती वर्षांपासून येताहेत आणि नोंदी कुठे आहेत. तुमची हजेरीवही आणि फोटोंची वही हाच तुमचा अर्ज. उत्पन्नासाठी नुसत्या पिठावर विसंबू नका. काही ठिकाणी पाण्यापासून वीज करून खर्च भागवला जातो. इंग्लंडमधल्या न्यू मिल्स गावात २००८ मध्ये लोकांनी भागभांडवल गोळा करून नदीवर ६३ किलोवॅटचा उलटा आर्किमिडीजचा स्क्रू, म्हणजे खाली येणाऱ्या पाण्यानं फिरून वीज करणारा मोठा मळसूत्री दांडा, बसवला. पण तुमच्या तीन-चार किलोवॅटमध्ये जातं फिरवायचं की वीज करायची, हे एका वेळी एकच जमेल. मी जातं निवडीन.

आता देणगीदाराची अट. पोलादाला माझा सरसकट विरोध नाही. जुनं चाक मुळात लोखंडी असतं तर मी हो म्हटलं असतं. पण तुमचं चाक लाकडी आहे, आसही लाकडी असणार, आणि जुन्या आसावर नव्या पोलादी चाकाचं वजन टाकलं तर भार कसा पडेल हे आज कुणालाच सांगता येणार नाही. शिवाय जुनं चाक काढल्याशिवाय नवं बसणार नाही, आणि ते काढलं की पोहऱ्यांचा कोन, फळ्यांची जाडी, खिळ्यांच्या जागा, सगळा पुरावा गेला. लाकडी चाक वीस-तीस वर्षांनी बदलावंच लागतं, हे खरं. पण त्यामुळेच ते बनवण्याचं कसब प्रत्येक पिढीला एकदा शिकावं लागतं. पोलादी चाक आलं की ती संधी तुमच्या मुलांच्या हातून जाते. फिरवायची घाई केली तर आणखी एक धोका आहे: चाक फिरायला लागतं आणि रोज लक्ष देणारं कुणी नसतं. मग ते एका जागी थांबून राहतं, खालचा भाग पाण्यात भिजून जड होतो, वरचा वाळून हलका, तोल जातो आणि पुढल्या वेळी आस हिसके खातो. थांबलेलं चाकही दर आठवड्याला पाव फेरा फिरवावं लागतं. हे काम कोण करणार त्यांची नावं कागदावर लिहिता येत नसतील, तर चाकाची वेळ आलेली नाही.

म्हणून देणगीदाराला नाही म्हणू नका, दुसरं काहीतरी मागा. पक्कं छप्पर मागा. तेही वर्षभरात पुरं होतं, दुरूनही दिसतं आणि त्यावर त्यांचं नाव लावता येतं. तुमच्यातल्या दोघांना एखाद्या चालू चक्कीत सहा महिने शिकायला पाठवण्याचा खर्च मागा. आणि देणगीदाराबरोबरची ही बैठक चक्कीत, त्या आजोबांसमोर घ्या. जुनं चाक कसं फिरायचं हे आजोबांच्या तोंडून ऐकल्यावर देणगीदारांना कदाचित लाकडी चाकच द्यावंसं वाटेल, आणि त्यासाठी तीन वर्षं थांबायलाही ते तयार होतील.